अध्यक्ष कोण होणार, याचा माझा अंदाज

आमच्या मांडवेगावात एक भोळा वार्ताहर होता. दुसरा कुणी मिळाला नाही, म्हणून तो मीच होतो.

दूध संघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक अजून लांब होती. उभे दोघंच, घोलप पाटील आणि इंदुताई. आमच्या साप्ताहिकाचे मालक दामूअण्णा म्हणाले, "सदोबा, यंदा अंदाज सगळ्यांच्या आधी आपण छापायचा. गेल्या खेपेला चुकलो, लोक अजून हसतात. परत चुकलो तर छापखान्याला कुलूप! जा, हवा कुणाची आहे बघून ये."

मी पाण्याच्या टाकीवर चढलो. बोट ओलं करून वर धरलं. खाली येऊन सांगितलं, "हवा घोलपांची. त्यांच्या गोठ्याचा वास येतोय."

अण्णांनी कपाळ बडवलं. "अरे, असलं काही ठरवायचं तर चार माणसांना विचारावं!"

हे मला पटलं.

दुपारी आभाळ भरून आलं. कागदाचे गठ्ठे अंगणात होते. अण्णा आतून म्हणाले, "पाऊस येतोय का बघ रे."

मी पारावर जाऊन चार माणसांना विचारलं. तिघं नाही म्हणाले, एकटा हो म्हणाला. मी भिजत परत आलो. "पाऊस हरतोय, अण्णा."

तोवर गठ्ठ्यांचा लगदा झाला होता.

"लोकांना काय विचारतोस? स्वतःच्या डोळ्यांनी बघ!" अण्णा ओरडले. "ज्याच्या मागं जास्त माणसं, तो अध्यक्ष. एवढं तरी कळतं ना? मी तालुक्याला जाऊन कागद पाठवून देतो. तू बघ आणि छापून टाक."

सकाळी मी डोळे फाडून वेशीत उभा राहिलो. आणि बघतो तर काय, सगळा गाव लोटलेला! गुंडाप्पा मास्तरांना लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. अंगावर हार, कपाळाला गुलाल, पुढं भजनी मंडळ. घोलप पाटील आणि इंदुताई, दोघंही मान खाली घालून मागं चालत होते. मास्तरांचा साधेपणा एवढा, की मिरवणुकीतसुद्धा डोळे मिटलेले.

मला भरून आलं. एवढा मोठा उमेदवार, आणि मला पत्ताच नाही! कसला मी वार्ताहर!

धावत जाऊन मथळा जुळवला : 'अध्यक्षपदी गुंडाप्पा मास्तरच! दोन्ही विरोधक नतमस्तक.' दुपारपर्यंत अंक घरोघरी पोचवला. मास्तरांच्या घरी तर दोन दिले.

संध्याकाळी अण्णा आले. हातात अंक, तोंडाला फेस.

"सदोबा, अरे गाढवा, मास्तर गेले रे!"

मी ताडकन उभा राहिलो.

"काय सांगता, अण्णा! कुणाच्या गटात?"