कोळसेवाल्याची पाठ

"परमुलखात उतरलीस. ओळखीचं कुणी नाही, ऊन कलायला लागलंय, रस्ता चुकलाय. सांग, विश्वास कुणावर ठेवशील?"

"कुणावरच नाही," मिथिलाने फाडकन उत्तर दिलं.

रुकय्याखाला हसली नाही. परातीतला लोबानचा एक खडा उचलून तिने उजेडासमोर धरला, पारखला आणि परत टाकला.

"मग नको जाऊस."

ही रुकय्याखाला, म्हणजे रुकय्यामावशी, मूळची बाणकोटची. लग्न होऊन ओमानात सलालाला आली. पुढे नवरा गेला, पण ही माघारी फिरली नाही. नवऱ्याचा लोबानचा व्यापार हिने एकटीने सांभाळला, वाढवला. डोंगरातली माणसं उत्तम माल कुणाला दाखवायचा, ते हिच्या शब्दावरून ठरवतात.

मिथिला बावडेकर कोल्हापूरची. धूप-अत्तराचं दुकान काढायचं डोक्यात घेऊन एकटीच इथवर आलेली. खालाच्या ओळखीचं डोंगरावरचं एक घर तिला उद्या गाठायचं होतं. खालाने निरोप धाडला नाही, तर त्या घराचं दार उघडणार नव्हतं. आणि घरच्यांनी निघतानाच बजावलं होतं, ही खेप फुकट गेली तर पुन्हा एकटीने पाऊल टाकायचं नाही.

"खाला, मी काय कुक्कुलं बाळ आहे? बाह्या मनगटापर्यंत आहेत, डोक्यावर ओढणी आहे. पुरुषांशी हात मिळवायचा नाही, छातीवर हात ठेवायचा. टॅक्सीत मागे बसायचं. सगळं वाचून आलेय. फोनवर नकाशा आहे, पर्समध्ये शिट्टी आहे."

"शिट्टी!" खालाला मौज वाटली. "वाजवलीस तर कोण येणार?"

"येईलच की कुणीतरी."

"आत्ता तर म्हणालीस, कुणावरच नाही."

मिथिलाने पर्सची चेन ओढून बंद केली.

"जा गो, कोपऱ्यावरून कोळसा घेऊन ये. धूप घालायचाय."

निरोपाचं विचारायला मिथिलाने तोंड उघडलं, पण खाला परातीत मान घालून बसली होती. मग काय, निघाली.

कोळशाचं दुकान म्हणजे एक अंधारी खोली. दारात पांढऱ्या दाढीचा म्हातारा बसला होता. मिथिलाला पाहिलं आणि गडी उठला, चक्क पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिने बोटाने कोळसा दाखवला. त्याने न बघताच पिशवी भरली आणि तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवली. आतल्या बाजूला तोंड करून कुणाला तरी हाक मारली, तीही तुटक.

मिथिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. विटाळ होतो की काय याला माझा?

"काय खडूस म्हातारा आहे!" पैसे ठेवता ठेवता ती पुटपुटली.

"सगळे असलेच आहेत हो इथले!"

ती गर्रकन वळली. मराठी! मागे एक तरणाबांड माणूस हसत उभा होता.

"ताई, तुम्ही आमच्या कोल्हापूरकडच्या दिसताय. बोलण्यावरून ओळखलं. मी सुहास."

परमुलखात आपली बोली कानावर पडली की माणसाचं काय होतं, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. आवळलेल्या मुठी आपोआप सुटतात. मिथिलाला तर रडूच यायचं बाकी होतं. पांढऱ्या रश्श्यापासून गप्पा सुरू झाल्या. रंकाळ्यावर आल्या.

"मुक्काम कुठं मग?"

"इथेच, गल्लीच्या टोकाला. रुकय्याखालाकडे, वरची खोली."

"एकट्याच? धाडसी आहात! उद्या काय बेत?"

"डोंगरात जायचंय. सकाळी टॅक्सी बघेन."

"टॅक्सी कशाला? माझी गाडी आहे की. नंबर द्या तुमचा."

तिने दिला. आपल्याकडे कुठले, कोण, मुक्काम कुठे, हे विचारल्यावर कोण सांगत नाही? न सांगणाराच शिष्ट ठरतो.

तो दारापर्यंत सोडायला आला. तिने नको म्हटलं नाही. कसं म्हणणार?

वर येऊन तिने पिशवी ठेवली, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, खालीच आहे मी. आत्ताच निघू या की, मुक्कामाची सोय करतो वर. फक्त त्या खालाला काही बोलू नका. इथल्या लोकांना उगाच गैरसमज होतो."

मिथिलाने फोन कानापासून दूर धरला.

"कोण गो?" खालाने विचारलं.

"आपल्याकडचा एकजण... कोल्हापूरचा. भला वाटला."

"काय विचारलं त्याने?"

मिथिलाने सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज तिलाच बारीक ऐकू यायला लागला.

"आणि तू काय विचारलंस त्याला?"

मिथिलाने आठवून पाहिलं. आडनाव नाही. काम काय करतो, नाही. राहतो कुठे, तेही नाही. त्याला हिची खोलीसुद्धा ठाऊक, आणि हिला फक्त एक नाव. तेही खरं की खोटं, कोण जाणे.

"काहीच नाही," ती म्हणाली.

"कोळसेवाल्याने काय विचारलं?"

"तो? त्याने तर तोंडसुद्धा दाखवलं नाही. पाठ फिरवून उभा राहिला मेला!"

"हं."

खालचं दार वाजलं. एकदा. मग पुन्हा, जोरात.

मिथिला भिंतीला टेकली. "खाला, तो वर येईल. मी... मी खोलीसुद्धा सांगितलीय त्याला. शेजारी फोन करा ना कुणाला! पोलिसांना करा!"

खालाने फोन जवळ ओढला खरा, पण नंबर लावला नाही. खिडकीच्या जाळीला डोळा लावून खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इकडे ये. बघ."

"नको."

"ये म्हणते ना."

मिथिला भिंतीच्या कडेकडेने आली. खाली सुहास दाराच्या कडीला हात लावून उभा होता. कोपऱ्याकडून कोळसेवाला येत होता. धावत नव्हता. काळे हात कमरेच्या फडक्याला पुसत, सावकाश. मागे त्याची धिप्पाड बायको. दुकान उघडंच टाकून आले होते दोघं.

बाई सुहासकडे न बघता दार ढकलून आत आली. म्हातारा मात्र उंबऱ्यावर थांबला. दाराकडे पाठ केली, रस्त्याकडे तोंड केलं आणि तसाच उभा राहिला.

सुहास हसला. हिंदीत काहीतरी म्हणाला. मग इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या दुकानांतूनही दोन-तीन माणसं बाहेर आली होती आणि त्याच्याकडेच बघत होती. सुहासने फोन खिशात टाकला आणि चालता झाला.

मिथिला त्या पाठीकडे बघत राहिली. दुकानात पाहिलेली तीच पाठ.

कोळसेवाल्याची बायको वर आली. धापा टाकत, मिथिलाच्या डोक्यावर काळाभोर हात ठेवून अरबीत भरभर बोलायला लागली.

"काय म्हणतायत?"

"म्हणते, नवऱ्याने तुला पाहिलं आणि हिला आतून हाक मारली, की परकी बाईमाणूस आहे, मी कसा समोर राहू, तू पुढे हो. ही चुलीपुढून उठेपर्यंत तू त्या पोराबरोबर निघूनही गेलीस. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या जिवाला चैन नव्हतं, दार वाजलेलं ऐकलं तशी दोघं उठून आली."

मिथिलाने कोपऱ्यातली आपली बॅग पुढे ओढली.

"मी नाही जात उद्या. घरी जाते, खाला. मला माणसं कळत नाहीत. मराठी बोलला म्हणून मी... आपला माणूस वाटला मला."

"मीही मराठीच बोलते. मग माझ्यावर विश्वास ठेवलास तो का?"

खालाने उत्तराची वाट न बघता कोळसेवालीशी काहीतरी बोलून घेतलं. दोघी मिथिलाकडे बघून मनसोक्त हसल्या.

"हिचं माहेर डोंगरावरच आहे. उद्या ही आणि हिची सून निघतायत, गाडीत मागे जागा आहे. त्या घरी मी निरोप धाडते. वाटेत कुणी विचारलं, एकटी का, तर सांगायचं, वर माणसं वाट बघतायत."

"पण ते खोटं..."

"आता खोटं कसं?"

मिथिलाने डोळे पुसले. म्हणाली, "घरी काय सांगू मी? आई विचारेलच, कसा आहे तो मुलूख, कशी आहेत तिथली माणसं. ऐकलं तर पुन्हा सोडायची नाही."

खालाने निखाऱ्यावर लोबान टाकला. धूर उठला, खोलीभर पसरला.

"आज ज्याने जे केलं, ते त्याच्याच नावावर मांड, पोरी. ह्या मुलखाच्या नावावर नको, अन् आपल्या मुलखाच्याही नको. हिशेब तेवढा खरा ठेव."