उंबरकोंडचं पान

उंबरकोंड गाव धरणाखाली गेलं, पण त्याचं एक पान इंटरनेटवर उरलं. शेलार गुरुजींनी केलेलं. प्रत्येक घराचा फोटो आणि खाली घरच्यांची नावं. कुठल्याही ब्राउझरवर उघडावं म्हणून गुरुजींनी ते वेबच्या सर्वमान्य नियमांनी, अगदी साधं लिहिलं होतं. पांगलेली माणसं जुन्यापान्या फोनवरही आपलं अंगण बघून घेत.

गुरुजींमागे त्यांची जुनी विद्यार्थिनी द्रौपदाकाकू ते पान सांभाळत होती. एकदा गावमंडळाने शहरातून वेबसाइट बनवणाऱ्या मोघेसाहेबांना बोलावलं. पान बघून साहेबांनी नाक मुरडलं.

"हे काढून टाका. मी नवं करतो, एकदम झकास. नव्या ब्राउझरवरच चालेल, पण लोक फोन बदलतील की!"

मंडळी लगेच भारावली. शहरातला माणूस ना!

काकू म्हणाली, "साहेब, तुमचं अगदी पहिलं काम दाखवा ना."

साहेब खुलले. "वडिलांच्या छापखान्याचं पान. पंचवीस वर्षं झाली. वडील गेले, पण त्यांचा आवाज आहे त्यात."

त्यांनी लॅपटॉपवर ते उघडलं. नुसता करडा, रिकामा चौकोन आला. पुन्हा उघडलं, तरी तोच चौकोन.

"हे तेव्हाच्या एकाच ब्राउझरवर चालायचं," साहेब हळूच म्हणाले. "तो आता बंद झालाय."

"आमचं गाव एकदाच बुडालं, साहेब," काकू म्हणाली. "तुमच्या हाती दिलं, तर दर नव्या ब्राउझरला बुडेल."

साहेब त्या रिकाम्या चौकोनाकडे कान लावून बसले होते.