राज्य कुणावर

“पण सर, नावाड्याच्या होडीत बसायला त्यांना सांगितलं कुणी?”

अभिराम दबक्या आवाजात बोलत होता, पण आवाजाला धार होती. गॅलरीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत टेबलाभोवती त्याचे तिघं खेळाडू बसले होते, आणि फाशांचा आवाज थांबला होता.

शिकलगार सर पेरू कापत होते. चित्रकलेचे निवृत्त मास्तर. मिरजेत त्यांनी कितीतरी पोरांना या खेळाचा नाद लावला होता: एकाने जग उभं करायचं, बाकीच्यांनी त्यात आपापलं पात्र होऊन वावरायचं, अडेल तिथे फासे टाकायचे. अभिराम त्यांचा लाडका चेला. आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं, खरी गोम तिथेच होती.

“बसले होडीत. मग तू काय केलंस?”

“होडी बुडवली.”

सरांची सुरी थांबली.

“फासे टाकून?”

“...नाही. नुसतं सांगितलं, बुडाली म्हणून. पोहत पोहत किल्ल्याच्या दाराशी लागलात म्हणून.” अभिरामने मान फिरवली. “उन्हाळाभर खपून किल्ला रचलाय, सर. बुरूज, भुयारं, आतला राक्षस. आणि मृण्मयी म्हणते, आम्हाला नावाड्याची हरवलेली मुलगी शोधायचीय. अहो, त्या मुलीचं मी सहज बोलता बोलता बोलून गेलो होतो.”

“बरं. होडी बुडाल्यावर मृण्मयी काय म्हणाली?”

“काही नाही. फासे डबीत भरले.”

आधीचे खेळाडू असेच डबी बंद करून उठले होते, ते परत फिरकले नाहीत. आता ही तिघं गेली, तर टेबल मांडायचं कुणासाठी? त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटत होती म्हणूनच तो तावातावाने बोलत होता.

“जग मी उभं केलंय, सर. तिथं राज्य माझं नको?”

सरांनी सुरी खाली ठेवली.

आत खुर्ची सरकली.

“लहानपणी लपाछपी खेळलास?”

“सर, ती निघाली वाटतं...”

“खेळलास का?”

“खेळलो.”

“राज्य कुणाला हवं असायचं?”

अभिरामला आठवलं. राज्य आलं की तो रडायचा. कुठे लपायचं ते बाकीची पोरं ठरवायची. ज्याच्यावर राज्य, त्याने शोधत हिंडायचं.

“पण नदीपलीकडं मी काहीच रचलेलं नाही,” तो पुटपुटला. “ती मुलगी कुठं आहे, मलाच माहीत नाही.”

“मग बरंच आहे की.”

दार उघडलं. खांद्याला पिशवी अडकवून मृण्मयी उभी होती.

“येतो आम्ही, सर.”

तिने अभिरामकडे पाहिलं नाही. त्यालाही तिच्याकडे पाहवेना.

सर उठले. अभिरामचे खांदे धरून त्यांनी त्याला भिंतीकडे वळवलं. त्याने क्षणभर अंग ताठ धरलं. मग कपाळ भिंतीला टेकवलं, आणि आपणहून डोळे मिटले.

मागे कुणी हललं नाही...

“राज्य ह्याच्यावर आहे, मृण्मयी,” सर म्हणाले. “पळा.”