खारवलीच्या मशिदीची खालची पायरी

“त्या पायरीवर रोज पाणी ठेवतात ना, ते एका पोरीच्या भुतासाठी. तिच्या आज्यानंच म्हणे तिला—” एवढं बोलून टपरीवाला गजा गप्प झाला, कारण मी साखर घ्यायला तिथं पोचले होते. तुम्ही पाहुणे अर्धवट ऐकून मशिदीकडे बघत राहिलात. म्हटलं, चला, आमच्या पडवीत बसा. इथून ती पायरी समोरच दिसते. तेवीस वर्षं बघते आहे मी. शेजारच्या हलीमाबींना विचारून विचारून भंडावून सोडलंय, तेव्हा सांगते ते त्यांच्याकडचं.

तो दगडी हौद दिसतो ना, त्यावर नमाजेआधी हात, तोंड, पाय धुतात. त्याला वुजू म्हणतात. दिवसाच्या पाच नमाजा, त्यामुळे हौदाला पाणी हवंच. फार वर्षांपूर्वी त्याची राखण लतीफबाबांकडे होती, असं सांगतात. त्यांनी मशिदीत शपथ घेतली होती, की हे पाणी वुजूचं, दुसऱ्या कामाला थेंब जाणार नाही.

मग एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. खाडीकाठचं गाव, विहिरी खारट झाल्या. गोडं पाणी उरलं ते हौदाच्या तळाशी वीतभर, नाहीतर डोंगरापलीकडच्या झऱ्याला. त्यात रमजान आला तो ऐन चैत्रात. रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा घोटही नाही.

एका दुपारी बाबांची लेक मरियम धावत आली. तिची रुकय्या, पाच वर्षांची, तापानं फणफणली होती.

“अब्बा, एक लोटा द्या. घागर कोरडी पडलीय.”

“हे पाणी माझं नाही गं.”

“तुमचं कोण मागतंय? अल्लाचंच मागते ना!”

“शपथ घेतलीय मी, मरियम. सकाळपासून माझ्याही घशाला कोरड आहे.”

“तुमचा रोजा आहे, अब्बा. तिच्यावर कुठं आहे? लहानांना नाही, आजाऱ्यांना नाही.”

बाबा लोटा घेऊन हौदावर दोनदा वाकले म्हणे, आणि दोन्ही वेळा हात मागे घेतला. शेवटी लेकीची घागर खांद्यावर घेऊन झऱ्याची वाट धरली. सत्तरीचा माणूस, रोज्याचं अंग, डोक्यावर ऊन. चालून चालून किती भरभर चालणार?

ते परतले तेव्हा तिसऱ्या प्रहराची बांग होत होती. मरियम पोरीच्या कानाशी कलमा म्हणत होती. अल्लाखेरीज कुणी पूजनीय नाही आणि मुहम्मद त्याचे रसूल, म्हणजे प्रेषित आहेत, एवढंच त्यात असतं. तो जन्मभर म्हणायचा आणि जाताना कानावर पडावा, अशी प्रत्येक मुसलमानाची इच्छा असते. बाबांनी घागर उंबऱ्यावर टेकवली. त्याच पाण्यानं रुकय्याला शेवटची आंघोळ घातली.

दुसऱ्या दिवशी हजला निघालेला एक प्रवासी बंदराच्या वाटेवर इथं थांबला. हज म्हणजे मक्केची यात्रा, झेपेल त्यानं जन्मात एकदा करायची. त्यानं हौदात डोकावून विचारलं, “गावाला प्यायला आहे का?”

“नाही,” बाबा म्हणाले.

तो मागे सरला. कोरड्या स्वच्छ मातीवर तळवे टेकले, तोंडावरून, हातांवरून फिरवले आणि नमाजेला उभा राहिला. झाल्यावर बाबांनी विचारलं, “हे काय केलंत?”

“तयम्मुम. पाणी नसलं, किंवा आहे ते पिण्याला लागत असलं, की माती चालते. तहानेला आधी द्यावं, वुजूचं मग. अल्लानं एवढी सवलत दिली आहे, बाबा.”

बाबा म्हणाले, “काल का नाही आलात?”

प्रवासी त्यांच्याजवळ येऊन बसला.

त्याच संध्याकाळी बाबांनी हौद घरोघर वाटून टाकला. पाऊस येईतो गावानं मातीवर नमाजा पढल्या. वर्षाकाठी शिल्लक राहील त्यातून गरिबांना द्यायचा वाटा म्हणजे जकात. बाबांकडे शिल्लकच कधी नव्हती, म्हणून ती त्यांच्यावर कधी लागू झाली नाही. पण मरेपर्यंत त्यांनी हौदातला पहिला लोटा मशिदीच्या दाराबाहेर ठेवला.

आजही पहाटेच्या बांगेआधी तो लोटा बाहेर येतो. आता हौदाला नळ आहे. पाणी असताना माती चालत नाही, तेही मी विचारून घेतलंय. लोट्यातलं पाणी कुणीही प्यावं. परवा पोस्टमन प्यायला, काल कासारीण. भूतबीत काही नाही हो, गजाचं निम्मं खोटं आहे.

पण निम्मंच. वर एवढा रुंद कट्टा असताना लोटा ठेवतात तो अगदी खालच्या पायरीवर, आणि त्याची तोटी वळवतात रस्त्याकडे, पाच वर्षांच्या मुलीचा हात पोचेल अशी.