भिवरा कासारणीची आण

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता, पाणी उथळ असेल त्या उतारावरूनच ती बैलगाडीनं ओलांडावी लागायची तेव्हा, तांबुळखेड्यात भिवरा नावाची कासारीण होती. बाकीच्या कासारणी बांगडी भरताना हाताकडे बघत, ही तोंडाकडे बघायची. भुवया जराशा आत ओढल्या गेल्या की थांबायची, ओठ सैल पडले की बांगडी पुढं सरकवायची. असं म्हणतात, तिच्या हातून काच कधी फुटली नाही.

होता होता तिला दुखण्यापलीकडचंही दिसू लागलं. हसणाऱ्या सुनेचे डोळे हसत नाहीत, हे तिला ओसरीवरूनच कळे. देवळातली देवी रुसलीय की प्रसन्न आहे, हेसुद्धा ती सांगायची म्हणतात. आता देवीचं खरंखोटं कोण पडताळणार? पण माणसांच्या बाबतीत ती चुकत नव्हती, म्हणून गावानं रीतच पाडली. चुडा भरताना नवरीनं तोंड उघडायचं नाही. पोर राजी आहे का, ते भिवरानं सांगायचं. ती नाही म्हणाली की सोयरीक मोडली.

गावातल्याच सारजा नावाच्या पोरीला एका उतारवयाच्या बिजवराला द्यायचं ठरलं. बाप लिंबाजी तापट, घरात तिचं कुणी ऐकलं नाही. ती गप्प राहिली, कारण चुडा भरायला भिवराकाकू येणार होती.

मांडवात सारजानं पदर मागं सारला आणि चेहरा अगदी भिवरापुढं धरला. डोळ्यांना धार लागली होती.

"का रडती गं ही?" लिंबाजीनं विचारलं.

भिवरानं पाहिलं. भुवया आत, ओठ घट्ट. असे चेहरे तर ती रोज बघत होती. "हात कडक हाय पोरीचा, बांगडी जड जातीया. दुसरं काय?"

"मंग राजी हाय न्हवं?"

"राजी हाय."

बायका हसल्या. सारजानं मान खाली घातली.

वरात उताराशी थांबली. सारजा पाणी प्यायला खाली उतरली ती वर आलीच नाही. काठावर हिरवा चुडा तेवढा सापडला, एकही बांगडी न फुटलेला. नदीनंच तो काढून ठेवला, असं म्हणतात. भिवरानं मात्र तो हातात घेऊन एकेक बांगडी चाचपून पाहिली. कडक हातातून काच अशी निघत नाही. पोरीचे हात लोण्यासारखे मऊ होते, आणि भरताना ते तिच्याच हातात होते.

"मला सांगत व्हती गं ती," एवढंच ती म्हणत राहिली.

तिनं डोळ्यांना पट्टी बांधली, ती मरेपर्यंत सोडली नाही. उताराशी बसून ती सारजाला हाक मारायची, तेव्हा भर पुरातही नदी थांबून राहायची, असं म्हणतात. उत्तर मात्र कधी आलं नाही.

अजूनही तांबुळखेड्यात चुडा भरताना वाजंत्री थांबतात आणि कासारीण डोळे मिटून घेते. "भिवराची आण हाय बाई, मनातलं बोल," म्हणते. नवरी आपल्या तोंडानं सांगेपर्यंत पहिली बांगडी चढत नाही. कुणी नाही म्हणाली, तर वऱ्हाडाला पोटभर जेवू घालून माघारी पाठवतात आणि पोरीला कुणी बोल लावत नाही. अशा पोरी झाल्या आहेत, त्यांची नातवंडं गावात नांदतात. सारजाला तेवढं कुणी विचारलं नाही.