अंशाबाईच्या पाच चुली

कातळगडच्या हंबीरराजांच्या अंगरख्याचे बंद जुळेनात. चांगलं वीतभर अंतर पडलं होतं. आणि हा काही असातसा अंगरखा नव्हता. राज्याभिषेकाच्या दिवशीचा होता, आणि दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघताना राजानं तोच घालायचा, अशी गादीची रीत होती. गेल्या दसऱ्याला राजांनी वरून शाल पांघरून वेळ मारून नेली. पण घोडा कसला झाकतोय? राजे पाठीवर बसताच तो असा कण्हला, की वेशीपर्यंत ऐकू गेलं.

यंदा आखाडातच राजांनी मुदपाकखान्यातून आचारीण अंशाबाईला बोलावलं. तिच्या हाताला चव होती आणि तोंडाला लगाम नव्हता.

"वैद्य झाले, हकीम झाले, आता तू," राजे म्हणाले. "दसऱ्याला हे बंद जुळले पाहिजेत. पण माझ्या जेवणातला एक पदार्थ कमी व्हायचा नाही. ताटात गार काही पडायचं नाही. आणि वाढताना कुणी 'पुरे' म्हणायचं नाही. जमलं तर बक्षीस. नाही जमलं तर चूल सोडून गड उतरायचा."

बावीस वर्षं तिनं ती चूल सारवली होती, आणि गडाखाली तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. पण जीभ गप्प बसेल तर ती अंशाबाई कसली!

"सरकार, बारीक करायला माणूस तरी बघून निवडायचं. मला कोठीच्या दारातून तिरकं होऊन आत जावं लागतंय."

"म्हणून तर तू. दोघांचं दुखणं एकच."

खरंच एकच होतं. राजाच्या ताटात पडेल ते आधी आचारणीनं खाऊन बघायचं, ही गडाची पद्धत. आणि राजांची पद्धत अशी, की नवं पथ्य धरलं म्हणून जुनं जेवण सोडायचं नाही. वैद्यानं दुधावर राहा सांगितलं, तर राजे जेवून वर दूध पीत. कुळथाचं कढण सांगितलं, ते जेवणाआधी. फळं सांगितली, ती मधल्या वेळेला. एक घास बत्तीस वेळा चावा म्हटलं, तर मोजताना चुकायचे आणि नव्या घासापासून पुन्हा मोजायला लागायचे. हे सगळं अंशाबाईनंही इमानेइतबारे केलं. चव बघायला घासभर पुरतं, पण तिचं म्हणणं, विषाचं काही सांगता येत नाही, वाटी संपवलेली बरी.

संध्याकाळी चुलीपुढं बसून ती आपल्या हातातले रुतलेले गोठ फिरवत होती. सगळ्या पथ्यांत ते एकदाच सैल झाले होते, दुधाच्या पंधरवड्यात. तेव्हा हा दुधाचाच गुण म्हणून ती दुप्पट दूध प्यायली होती, आणि गोठ पुन्हा रुतले. आता तिला आठवलं. त्या पंधरवड्यात गवळी आजारी होता, आणि पायथ्याच्या गोठ्यातून घागर तिनंच रोज वर आणली होती.

"अगं बये," ती स्वतःलाच म्हणाली, "गुण पायऱ्यांचा, आणि तू पूजा केलीस दुधाची!"

दुसऱ्या दिवशी राजे पाटावर बसले. ताटात नुसतं पिठलं-भाकरी.

"बाकीचं कुठाय?"

"सगळं आहे की सरकार. मसालेभात तळ्याकाठच्या चुलीवर. भजी पागेपाशी. कटाची आमटी बुरुजावर. आणि पुरणपोळी वर देवीच्या देवळापाशी, तव्यावरून थेट ताटात."

"दोनशे पायऱ्या आहेत तिथं!"

"काय वाढायचं ते हुकुमात होतं सरकार. कुठं वाढायचं ते नव्हतं."

दिवाण केसोपंत मिशीत हसले. राजांनी पालखी मागवली. ती वळणावळणावर अडकत देवळाशी पोचेपर्यंत चूल विझून पोळी गार झाली, आणि गार तर वाढायचं नव्हतं. ती पोळी भोयांनी आनंदानं खाल्ली. तिसऱ्या दिवसापासून राजे मुकाट्यानं चालू लागले.

त्या दिवशी पहिल्याच ताटावर त्यांनी सहा भाकऱ्या मागितल्या. अंशाबाईनं सहा वाढल्या, चकार शब्द काढला नाही. मग चाळिसाव्या पायरीवर राजे बसले ते बसलेच, आणि वरून पुरणाचा वास येत राहिला. मागं फिरून भजी खावीत, तर एकदा आचवून उठलेल्या ताटावर परत बसायचं नाही, ही रीत राजालाही चुकत नव्हती. दुसऱ्या दिवशी चार भाकऱ्या झाल्या. पुढच्या महिन्यात दोन. आणि पुढं धापा टाकत अंशाबाई. "सरकार, जरा दमानं. विष आधी मला खायचंय."

दसरा उजाडला. राजांनी श्वास रोखून अंगरखा चढवला, आणि सगळे बंद जुळले. मग श्वास सोडला, तरी जुळलेलेच राहिले. अंशाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पण केसोपंत पुढं झाले. "सरकार, हिनं काहीतरी कमी केलंच असणार. अट मोडली."

"खरं सांग," राजे म्हणाले, "काय कमी केलंस?"

"कमी कशाला करू? उलट वाढवलंच. दोन ताटांमधलं अंतर वाढवलं. आणि ते वाढतानाही कुणी 'पुरे' म्हटलं नाही, आपलाच हुकूम होता."

राजे खो खो हसले. "आणि मी मूर्ख, वर्षभर बसल्या जागी चार पथ्यं खात होतो!"

"मी पण सरकार. तीच चार, आपल्या आधी."

"सोनाराला बोलवा! अंशाबाईला सोन्याचा कमरपट्टा. हिच्या कमरेचं माप घ्या."

अंशाबाई गडबडीनं पुढं आली. "माप कशाला सरकार? आखाडापर्यंत कमरेला घालत होते ती चांदीची साखळी पेटीत आहे. तेवढाच करायला सांगा."

"अगं, ढिला होईल तो."

"होऊ दे की सरकार. जेवढा ढिला, तेवढं सोनं जास्त!"

राजे एवढे हसले, की अंगरख्याचा एक बंद तटकन तुटला. तो तसाच लोंबता ठेवून ते घोड्यावर बसले, आणि घोडा हूं की चूं न करता वेशीकडं निघाला.