नाव बांधल्याशिवाय दिवा नाही

धरणाच्या भिंतीच्या मधोमध ते दोन दगडी खांब दिसतात ना, ते फाटकाचे. फाटक नाही, नुसते खांब. फोटो काढायचा तर काढा, पण कठड्यावर बसू नका. खाली पाणी लोखंडी नळात ओढलं जातं आणि ते माणूस बघत नाही. वर्षातून एकदा, भाद्रपदात, ऐन दिवेलागणीला वीजघराची चाकं थांबवतात आणि दोन्ही काठ अंधारात बसतात. साहेबलोक कागदावर 'दुरुस्ती' लिहितात. लिहू देत.

असं सांगतात की, काळंगी नदी तेव्हा दोन राज्यांची शीव होती. राज्यं कसली, दोन देशच. अल्याडचं नाणं पल्याड चालत नसे. धरण मात्र दोघांनी मिळून बांधलं, कारण नदी अर्धी अडवता येत नाही. पाणी निम्मं, वीज निम्मी, आणि विश्वास कुणाचाच कुणावर नाही. म्हणून भिंतीवर मधोमध फाटक घातलं आणि त्याला दोन कुलपं. एक किल्ली ह्या राजाच्या शिपायाकडे, दुसरी त्या राजाच्या. दोन्ही लागल्याशिवाय फाटक उघडायचं नाही.

धरणाआधी इथं लखमा भोयाची नाव चालायची. काठावरून कुणीही "ओ तारीऽऽ" करून हाक मारायचा. लखमाच्या घराण्याचा नदीला शब्द होता म्हणे, हाक आली की नाव सोडायची, हाक कुणाची ते विचारायचं नाही. भिंत झाली, पाणी तुंबलं आणि नावेला बंदी आली, कारण नळाच्या तोंडाशी ओढ फार. अल्याडच्या फाटकावरचा शिपाई तुळाजी त्याला येताजाता चिडवायचा, "लखमातात्या, नाव फोडून चुलीत घाला आता. निदान भात तरी शिजंल."

"तुझं फाटक घाल चुलीत," लखमा म्हणायचा. "माझी नाव दोन्हीकडच्यांना पार नेत होती. तुझं फाटक दोन्हीकडच्यांना अडवतंय."

वीज सुरू व्हायच्या दिवशी दोन्ही राजे आपापल्या वाड्यात पहिल्या दिव्यांखाली पंगत मांडून बसले होते. पल्याडचा शिपाई किल्ली कमरेला लावून तिकडच्या मेजवानीला गेलेला. आणि संध्याकाळी अल्याड तुळाजीची बायको गोदा अडली. पहिलटकरीण, मूल आडवं. सुईण राजाक्का राहायची पल्याड. तुळाजीनं फाटकाला धडका देऊन खांदा फोडून घेतला. मग लखमाच्या दारात धावला. कुठल्या तोंडानं मागायचं ते कळेना, म्हणून त्यानं म्हणे दारात उभं राहून जुनी हाकच मारली, "ओ तारीऽऽ!"

"आलो," लखमा म्हणाला आणि वल्हं उचललं.

जाताना तो वरून, लांबचा वळसा घालून गेला. येताना नावेत बसलेली राजाक्का लखमाकडून गोदाचं सगळं ऐकून म्हणाली, "तात्या, वळशानं गेलात तर पोर हाताला लागायचं नाही, आईपण नाही."

लखमानं नाव सरळ भिंतीच्या कडेनं घातली. नळाच्या तोंडासमोर ओढ लागली, वल्हं वाकलं. तोच दोन्ही वाड्यांतले दिवे गेले. खाली चाक थांबलं होतं. चाकाजवळच्या माणसांनी शपथेवर सांगितलं, आम्ही हातसुद्धा लावला नाही. नदीनं चाक धरलं, असं सांगतात. साहेब म्हणतात, ओंडका अडकला असेल. असेल. ओंडक्याला बरं नेमकं तेव्हाच सुचलं!

राजाक्का ह्याच पायऱ्यांवर उतरली आणि पळाली. पोरगी जगली, गोदाही जगली. इकडे लखमा नाव वर आपल्या खुंटाकडे न्यायला वळला, आणि चाक सुटलं. दिवे आले. दोन्ही वाड्यांत टाळ्या पडल्या म्हणे. नाव परत कुणाला दिसली नाही. लखमाही.

ह्या नदीचा मला इथंच राग येतो. देवी म्हणवून घेते, आणि सुईण उतरेपर्यंतच दम धरते? म्हाताऱ्याला घर गाठू द्यायला काय झालं होतं? हे मी तिच्या देवळातही बोललोय.

तुळाजीलाही असाच राग आला असणार, पण फाटकाचा. दुसऱ्या दिवशी त्यानं घण घेऊन फाटक बिजागऱ्यांसकट उखडायला घेतलं. आवाज ऐकून पल्याडचा शिपाई धावत आला. मग कमरेची किल्ली पाण्यात टाकून त्यानं फाटकाची दुसरी बाजू धरली. राजांनी पुढं नवं फाटक पाठवलं, पण बसवायला दोन्ही मुलखांत माणूस मिळेना.

आजही त्या दिवशी दिवेलागणीला चाकं थांबवतात. पल्याडहून एक बाई नावेत बसून येते आणि ह्या पायऱ्यांवर उतरते. पाहुणे तेवढ्यावर टाळ्या वाजवतात आणि दिवे कधी येणार म्हणून विचारायला लागतात. गप उभे राहा. नाव अजून पाण्यात असते. ती भिंतीपासून सावकाश वर जाते, दिसेनाशी होते, दोन्ही काठांवर कुणी बोलत नाही. मग तिकडून, खुंटाजवळून आवाज येतो, "बांधलीऽऽ!"

तो आला की मगच चाक सोडतात.